घाट झोपेत उतरायला हवा: दीड-दोन वर्षांच्या मुलासह पुणे ते सावंतवाडी

पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला किंवा पुढे गोव्याला जायचं आणि सोबत दीड-दोन वर्षांचं मूल असेल, तर वेळेचं गणित आंबोलीपासून उलटं मांडायचं. तिथल्या घाटाच्या वळणांवर मूल गाढ झोपलेलं हवं. दोन वर्षांच्या आत गाडी लागण्याचा त्रास सहसा होत नाही, पण त्यानंतर वाढत जातो. कानाला वळणं जाणवतात, डोळ्यांना मात्र समोरची सीटच दिसते, आणि त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. डोळे मिटलेले असले की निम्मं काम झालं. शिवाय भर घाटात भोकाड पसरलं तर गाडी उभी करायला जागा नसते.

दुपारची झोप एक-दीडला लागत असेल तर पहाटे पाचला निघा. प्रवासाचे कपडे रात्रीच घाला, निघताना फक्त डायपर बदला आणि झोपेतच चाइल्ड सीटवर (गाडीच्या सीटवर बसवायच्या मुलांच्या खुर्चीत) ठेवा. साधारण सव्वासातला सातारा, तिथे नाश्ता आणि अर्धा तास मोकळं पळणं. दहाच्या सुमारास कोल्हापूर, पुन्हा पाऊण तास. पुढे निपाणी, उत्तूर करत पाऊणच्या आसपास आजरा. जेवण तिथेच, पण हलकं. सव्वाला गाडी हलली की दीडपर्यंत डोळा लागतो आणि सव्वादोनला आंबोली येते. तिथून सावंतवाडी सुमारे 30 किमी.

हे गणित उधळतं ते निपाणीच्या आसपास. साडेअकराला वीस मिनिटांची डुलकी झाली की दुपारची झोप गेलीच म्हणून समजा. या टप्प्यात एकाने मागे मुलाशेजारी बसावं, गाणी म्हणावीत, काच थोडी खाली घ्यावी, अगदीच मान पडायला लागली तर उत्तूरला उतरवून चार पावलं चालवावं. मोबाइल लावून जागं ठेवायचा मोह टाळलेला बरा. खाली बघत राहिल्याने मळमळ लवकर येते.

‘आजीच्या मांडीवर शांत राहतं’ हा युक्तिवाद घरोघरी होतो. राहतं, पण करकचून ब्रेक लागला तर दहा-अकरा किलोचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194बी प्रमाणे 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना असेल तर 1000 रुपये दंड आहे, तो वेगळाच. चाइल्ड सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर मुलाचं तोंड मागच्या काचेकडे ठेवा. या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. अशी उलटी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नका.

सीट बसवल्यावर गाडीचा पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरहून जास्त सरकली तर ती सैल आहे. मग मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ओढा. पहाटे गारवा असतो म्हणून जाड स्वेटर घालून बांधलं की पट्टा घट्ट वाटतो, पण आत पोकळी राहते. स्वेटर काढा, बांधा, वरून दुपटं पांघरा. ‘क्लिक’ होत नसेल तर बकलमध्ये बहुतेक वेळा बिस्किटाचा चुरा अडकलेला असतो. कोमट पाणी ओतलं की तो निघतो.

उलटीसाठी सीटवर जाड टॉवेल अंथरू नका, पट्टा सैल पडतो. गळ्यात मोठं लाळेरं, पट्ट्यांच्या वरून. सोबत दोन जोड कपडे, दोन पंचे, चार जाड पिशव्या. हे सगळं डिकीत नको, हाताशी हवं. पट्टे खराब झाले तर ओल्या फडक्यानेच पुसा. साबणात भिजवले तर त्यांची ताकद कमी होऊ शकते.

खाण्यात थर्मासच्या पाण्यावर उपमा करायला जाऊ नका. पाणी गरम असलं तरी उकळतं नसतं आणि रवा कच्चट राहतो. पोहे मुळातच शिजवून केलेले असतात, म्हणून ते जमतात. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा, मिक्सरमधून भरड काढा, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घाला. दोन मोठे चमचे भरडीला अर्धी वाटी गरम पाणी, वर थोडं तूप, पाच मिनिटं झाकण. घरचं तापवलेलं दूध उन्हाळ्यात बाटलीत नासतं, त्यापेक्षा 200 मिलीचे टेट्रापॅक बरे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मुळीच नकोत. मागे तोंड असलेल्या मुलाच्या घशात काही अडकलं तर पुढे बसलेल्यांना कळतही नाही.

जेवणाला थांबताना बकलवर पांढरा पंचा टाका, उन्हात त्याचा चटका बसतो. आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा मुलाला बंद गाडीत ठेवू नका.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र आंबोलीचा बेत रद्द करा. धबधबा रस्त्यालगतच असल्याने गाड्या तासन्‌तास अडकतात आणि मूल नेमकं तिथे जागं होतं. त्या दिवशी कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवलीला उतरा. जेवण आजऱ्याऐवजी राधानगरीत होईल, तेव्हा पुण्याहून पाऊण तास उशिरा निघालात तरी चालेल.