लांबी भरणे

रात्री कूस बदलताना टाच गोधडीच्या टाक्यात अडकून खर्र असा आवाज झाला, की आमच्या घरी हिवाळा लागला असं समजत. आई अंधारातूनच विचारायची, "कोणाचे रे फुटले?" आम्ही तिन्ही भावंडं चिडीचूप. कारण 'माझे' म्हणणाऱ्याचे पाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढे पसरले जाणार, हे ठरलेलं.

आम्ही निफाडचे. म्हणजे मूळचे कोकणातले, वडिलांच्या नोकरीने निफाडचे झालेले. डिसेंबर-जानेवारीत पेपरात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते ना, तो पारा तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. चार अंश, पाच अंश हे आकडे आम्ही शाळेत एकमेकांना असे सांगायचो, जसा काही गावाने शर्यतीत नंबर काढलाय. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म निफाडचा, पण ती गोष्ट १८४२ सालची. त्यानंतर पहिल्या पानावर यायला आम्हाला थंडीच लागते.

त्या थंडीत माणसांच्या आधी द्राक्षांची काळजी. मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असताना कडाका पडला, तर साल तडकते. एका रात्रीत घडच्या घड वाया. म्हणून पहाटे बागेत पाणी सोडायचं, बांधाला शेकोट्या पेटवायच्या. शेजारचे नाना बॅटरी घेऊन वेलीखाली उकिडवे बसत आणि एकेक घड फिरवून बघत. उजेड कधी खाली पडला तर त्यांच्या टाचा दिसायच्या. चार आण्याचं नाणं उभं राहील अशा भेगा, आत काळी माती गच्च बसलेली. माझ्या वडिलांनी एकदा म्हटलं, "नाना, पायाला काहीतरी लावा की." नाना म्हणाले, "मास्तर, मण्याला तडा गेला तर व्यापारी भाव पाडतो. टाचेला कोण भाव विचारतोय?"

आम्हा पोरांना मात्र या कोरडेपणाचा काही त्रास नव्हता. उलट करमणूक होती. हिवाळ्यात हातापायांवर राखेसारखी पांढरी साय धरायची. नडगीवर नखाने रेघ ओढली की पाटीवर ओढल्यासारखी उमटायची. शेवटच्या बाकावर आम्ही नडग्यांवर फुली-गोळा खेळलोय. डाव संपला की थुंकी लावून पुसायचं आणि दुसरा मांडायचा. बाईंनी एकदा माझ्या नडगीवर चुकलेल्या गुणाकाराचा पुरावाच पकडला होता. गाल उललेले, ओठ फुटलेले, हसलं की मधोमध रक्ताचा ठिपका. तरी हसायचो.

आईचं तसं नव्हतं. ती देवगडकडची. थंडी म्हणजे काय, हे तिने लग्नानंतर पाहिलं. तिकडच्या दमट हवेत अंगाला तेल लावायचं ते लाडाने. इथे ते औषध म्हणून लावावं लागतं, याचा तिला पहिली काही वर्षं राग होता. आजी दर मे महिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर फणसपोळी, आमसुलं आणि एका जुन्या फडक्यात बांधलेलं मुठेल पाठवायची. मुठेल म्हणजे कोकमाचं तेल. तेल म्हणायचं ते आपलं उगाच, हातात घेतला तर दगडासारखा गोळा. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर तवंग येतो, तो काढून गार करायचा आणि घट्ट व्हायला लागला की मुठीत दाबून वळायचा. म्हणून मुठेल. आजीच्या चार बोटांच्या खाचा त्या पिवळट गोळ्यावर स्पष्ट दिसायच्या. आई सुरीने खरवडताना त्या बोटांची बाजू शेवटपर्यंत राखून ठेवायची. का, ते कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

विधी असा. आधी पाय कोमट पाण्यात. मग वजरीने खसाखसा घासणे. हा भाग गुदगुल्यांमुळे निम्मा हसण्यात आणि निम्मा लाथा झाडण्यात जाई. पाय कोरडे पुसले की पळीत मुठेलाचा तुकडा टाकून पळी निखाऱ्यावर धरायची. तो आधी घामेजायचा आणि मग एकदम पाणी व्हायचा. आई कापसाच्या वातीने एकेक थेंब भेगेत सोडायची. चटका बसायचा. "आई गं!" म्हणायची सोय नव्हती, कारण आईच पाय धरून बसलेली. पण दोन श्वासांत थेंब भेगेतच थिजायचा आणि भेग भरून निघायची. घराला रंग लावण्याआधी भिंतीच्या चिरा लांबीने भरतात, अगदी तसं. आमच्याकडे या कामाला नावच पडलं होतं, लांबी भरणे.

पुढे वाचनात आलं की यात आईच्या हातगुणाइतकाच तेलाचाही गुण होता. खोबरेल तळहाताच्या उबेने वितळतं. कोकमाच्या तेलाला चाळीसच्या आसपास अंश लागतात, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा थोडी जास्त आच. त्यामुळे एकदा भेगेत बसलं की ते बसतं. आणि भेगा नेमक्या टाचेलाच का? तर बाकीच्या अंगाला त्वचेखालच्या ग्रंथी थोडंफार तेल पुरवत असतात. तळहात-तळपायांना त्या ग्रंथीच नाहीत. दिवसभर आपलं सगळं वजन झेलणाऱ्या टाचेला घरचं तेल नाही, जे काही मिळेल ते बाहेरून. त्यात टाचेची कातडी जाड. ती वाळली की लवत नाही, मग पाऊल टेकलं की तडकते. थंडीत हवा कोरडी, वर आपण कढत पाण्याने आंघोळ करून, साबण फासून उरलासुरला ओशटपणाही धुऊन काढतो. कढत पाण्याची तक्रार मी स्वतःशी दरवर्षी करतो आणि दरवर्षी गीझर दहा मिनिटं जास्त चालू ठेवतो.

सुश्रुतसंहितेत या दुखण्याला पाददारी म्हटलं आहे. फार चालणाऱ्या माणसाच्या कोरड्या पायांत वायू वेदना देणाऱ्या भेगा पाडतो, असं त्याचं निदान. आपल्याकडे त्याला जळवात म्हणतात, हा शब्द मला जास्त खरा वाटतो, जळणं आहे त्यात. सुश्रुताने मात्र त्याला क्षुद्ररोगांच्या यादीत टाकलंय. क्षुद्र! सकाळी उठून गार फरशीवर पहिलं पाऊल टाकणाऱ्याला विचारावं. औषध मात्र तो मनापासून सांगतो: मेण, चरबी, राळ, तूप, गेरू असा लेप. आमच्या घरातल्या कैलास जीवनच्या डबीतही राळ आहे, आणि व्हॅसलीन म्हणजे तरी काय, जमिनीखालच्या तेलाचं मेण. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या दांड्यांवर धरणारा चिकटा तिथले कामगार भाजल्या-कापल्यावर लावताना रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पाहिला, तो साफ केला आणि १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गृहस्थ रोज चमचाभर खायचे असं म्हणतात. जगले मात्र ९६ वर्षं. मी अजून टाचेपुरताच आहे.

या टाचांनी माझी एकदा भर मांडवात शोभा केली. लग्न माघातलं, निफाडलाच. आठ दिवस धावपळीत लांबी भरायची राहून गेली. सासरे जावयाचे पाय धुवायला बसले. सासूबाईंनी तांब्यातून धार धरली, त्यांनी दोन्ही हातांनी पाऊल धुतलं आणि खांद्यावरच्या कोऱ्या रेशमी उपरण्याने पुसलं. उपरणं टाचेत अडकलं. ओढलं तर लांबलचक धागा निघाला. ते ओढतायत, धागा येतोय, भटजी मंत्र म्हणतायत. शेवटी करवलीने वाकून दाताने धागा तोडला. सासरे काही बोलले नाहीत. दिवाळसणाला मात्र चांदीच्या वाटीबरोबर मला एक काशाची वाटी आणि शेरभर तूप मिळालं. "तळपायाला चोळा, उष्णता निघते," असं सासूबाई म्हणाल्या. उष्णता म्हणे! चोळलं की पाय काळेकुट्ट होतात, झोप मात्र फार छान लागते.

आता आम्ही पुण्यात. खणात सात ट्यूब आहेत, त्यांपैकी पाच अर्ध्या वापरलेल्या. प्रत्येक ट्यूब जानेवारीत विकत घेतलेली, कारण ऑक्टोबरात टाचा शहाण्यासारख्या वागत असतात आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

आई ऐंशीला टेकली. मधुमेह आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं: हिच्या पायांची संवेदना कमी झालीय, गरम पाण्याची पिशवी नाही, शेक नाही, ब्लेडने खरवडणं तर अजिबात नाही, रोज रात्री तळपाय उजेडात नीट बघायचे. म्हणजे चटक्याची पळी बाद. रात्री जेवणाआधी मी तिचे पाय कोमट पाण्यात धुतो, पाणी आधी माझ्या मनगटावर बघून घेतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो आणि युरिया असलेलं क्रीम गारच लावतो. ती संशयाने बघत असते.

"लावलंस?"

"लावलं."

"चटका तर बसला नाही."

"बसायचाच नाही आता."

"मग ते औषध कसलं?" ती म्हणते आणि पाय ओढून घेते. मी मोजे चढवतो, दहा मिनिटं बस म्हणतो. मलम लावण्यापेक्षा लावल्यावर बसणं अवघड, हे मला तिच्याचकडून कळलेलं. निफाडला आम्हा सगळ्यांचे पाय झाल्यावर ती शेवटी स्वतःच्या टाचांत ते ओतायची आणि तेवढ्यात काहीतरी आठवून उठायची. मग शहाबादी फरशीवर चुलीपासून मोरीपर्यंत तेलकट पावलं, गौरी आल्यासारखी.

दुसऱ्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते. "बंद करते रे," म्हणत ती मोजे काढून उठलेली असते. एका हाताने तिचा दंड धरून आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन मी मागून जातो.