अकरा रिव्हेट आणि चार रविवार

“आवं, गॅसनं उडवू, पाच मिन्टांचं काम हाय!” जुन्या जीपच्या चेसीचे रिव्हेट काढायचे म्हटल्यावर वर्कशॉपवाला असं म्हणाला होता. ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.

आमची जीप महिंद्राची सीजे थ्री-बी, वडिलांनी घेतलेली. आत हरिकेन इंजिन मावावं म्हणून बॉनेट उंच केलेलं, तेच हे मॉडेल. बॉडी उतरवली, इंजिन काढलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसीच्या दोन्ही बाजूंच्या लांब चॅनेलांना जोडणारा आडवा तुकडा, मात्र पार कुजला होता. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. तो बदलायचा म्हणजे त्याला चेसीशी धरून ठेवणारे तीन सुती (साधारण साडेनऊ एमएम जाड) रिव्हेट, म्हणजे डोकं ठोकून कायमचे बसवलेले खिळे, काढायचे. माझ्या मोजणीने अकरा.

वर्कशॉपवाल्याने डावीकडच्या पहिल्या दोघांना गॅस कटर लावला. पाच मिनिटं लागलीही नाहीत. रिव्हेट गेले आणि त्यांच्याबरोबर भोकांच्या कडाही गेल्या. गोल भोकं लंबगोल झाली, काठावर वितळलेल्या लोखंडाच्या मळीच्या गुठळ्या, आणि पट्टी लावून पाहिलं तर चॅनेलची कड तेवढ्या तापाने ओढली गेलेली. “वेल्डिंगनं भरू की,” असं म्हणून त्याने बिडी पेटवली. उरलेल्या नऊ रिव्हेटना मी त्याला हात लावू दिला नाही. चेसी टेम्पोत घालून घरी आणली.

पहिल्या रविवारी माझा एकच रिव्हेट निघाला. मी सरळ डोक्यावर ड्रिल टेकवलं. बिट घरंगळलं आणि चॅनेलवर चरा पडला. दुसरं बिट निळं पडून धुरायला लागलं. संध्याकाळी भाऊ म्हणाला, “दादा, गॅसवालाच बरा होता.” त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

पुढच्या रविवारी जमलं ते असं. डोकं आधी जाड ग्राइंडिंग डिस्कने चपटं करायचं. पातळ कटिंग डिस्क आडवी घासायची नाही, ती फुटते. मग सेंटर पंचने बरोबर मधोमध खूण. आधी चार एमएमचं बिट, मग आठचं, ड्रिल हळू आणि तेलाचे थेंब सतत. चुऱ्याऐवजी लांब वळ्या निघायला लागल्या की समजायचं, वेग बरोबर आहे. भोक आरपार पाडायची गरज नाही, डोक्याच्या जाडीइतकंच. मग छिन्नीने डोकं उडवायचं, पलीकडून भावाने घण टेकवायचा आणि पंचने उरलेला दांडा ठोकून काढायचा. बाजारातला पंच तिसऱ्याच दांड्याला वाकला. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी जुन्या अ‍ॅक्सलच्या तुकड्याचा पंच करून दिला. तो आजही सरळ आहे.

सगळे मात्र असे शहाण्यासारखे निघत नाहीत. दोन रिव्हेटच्या ठिकाणी गंजाने दोन्ही पत्रे एकमेकांपासून फुगले होते, त्यामुळे आतला दांडा तिरका. त्यांना आठपासून चढत साडेनऊ एमएमपर्यंत पूर्ण ड्रिल करावं लागलं. एकेकाला अख्खी दुपार. चौथ्या रविवारी अकरावा टणकन फरशीवर पडला तेव्हा भावाने शिट्टी मारली. मी तसाच खाली बसून राहिलो.

हे आधी सांगायला हवं होतं: कापाकापीच्या आधी दोन्ही चॅनेलांना आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगचे छोटे टाके (टॅक) मारून लावून ठेवा आणि समोरासमोरच्या भोकांतून दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहा, म्हणजे चेसी तिरकी झाली तर कळेल. आणि चेसी नंबर जिथे ठोकलाय त्या जागेच्या आसपास डिस्क नेऊच नका. तो गेला तर आरटीओत समजावत बसायला आयुष्य पुरणार नाही. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढून घराबाहेर ठेवा, रिकामी असली तरी.

चॅनेलच्या शेपटीचा गंजका तुकडा कापताना मात्र मीच चुकलो. चार इंची ग्राइंडर, एक एमएम डिस्क, सगळं ठीक. पण शेपटीखाली टेकूची घोडी लावली नाही. काप शेवटाला आला, शेपूट वजनाने झुकली, फट मिटली आणि डिस्क फुटली. गार्ड होता म्हणून एक तुकडा फक्त चपलेला लागला. नंतर डिस्कच्या मधल्या लोखंडी रिंगवर पाहिलं: ठोकलेली मुदतीची तारीख उलटून दीड वर्ष झालं होतं. विकत घेताना ती तारीख वाचा, दुकानदार हसला तरी. उरलेला काप मी हॅक्सॉने, कोपऱ्यात टोक न ठेवता गोलाई देऊन पूर्ण केला.

नवा क्रॉस मेंबर आता हाय-टेन्साइल बोल्टवर बसलाय. दोन्ही कर्णांत दोन एमएमचा फरक आहे. उजवीकडचे बोल्ट भोकांत हातानेच सरकून बसतात. डावीकडची ती दोन भोकं भरून, घासून, परत पाडायची आहेत. त्याला पाचवा रविवार जाईल.