पाना लावण्याआधी गेज

गाडीच्या एसीची लीक सापडली. कंडेन्सरच्या (गॅस थंड करून द्रव करणाऱ्या भागाच्या) वरच्या नळीच्या जोडाभोवती काळपट, तेलकट धूळ बसली होती. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर सगळीकडे फिरतं, त्यामुळे गॅस जिथून झिरपतो तिथे तेलही दिसतं.

एसी गार करत नव्हता, तेव्हा वाटलं गॅस संपलाच असेल, नट सैल करायला काय हरकत? तरी आधी गेज, म्हणजे दाब मोजणारं घड्याळ, लावलं. कोथरूडला आमच्या पार्किंगमध्ये ३४ अंश, गाडी बंद, आणि काटा ६५ पीएसआयवर. आत द्रव शिल्लक असता तर ११०च्या आसपास दिसलं असतं, म्हणजे गॅस बराच गेला होता. पण ६५ म्हणजे गाडीच्या टायरच्या दुप्पट दाब! एसीतला हा गॅस, आर-१३४ए, उणे २६ अंशांना उकळतो; फवारा बोटांवर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. शिवाय तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. हवेत सोडणं वातावरणालाही वाईटच. म्हणून रिकव्हरी मशीन (गॅस हवेत न सोडता ओढून साठवणारं यंत्र) असलेल्या गॅरेजात नेऊन उरलेला गॅस काढून घेतला. गॉगल आणि हातमोजे तरीही घातलेच.

जोड उघडला तर ओ-रिंग (जोड बंद ठेवणारी रबरी कडी) चपटी, कडक झालेली, नखाने दाबली तरी दबेना. नाना पेठेतून हिरव्या ओ-रिंग आणि नवा ड्रायर (एसीच्या आतली ओल शोषणारा भाग) आणला. ड्रायरची टोपणं अगदी शेवटी काढली, कारण तो हवेतली ओल भराभर शोषतो. तिथेच एका दुकानात स्वस्तातला पर्यायी गॅस पुढे केला. डब्यावर ज्वलनशील अशी खूण होती. बंद केबिनसमोर असला गॅस मी कधीच भरणार नाही.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं, ४५ मिनिटं. पंप बंद करून अर्धा तास थांबलो, काटा जागचा हलला नाही. त्यानंतरच आर-१३४एचा भरणा, वजनकाट्यावर गॅसचा डबा उभा ठेवून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच. इंजिन चालू असताना गेजचा लाल नॉब (हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा) घट्ट बंद! तो उघडला की हाय साइडचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटू शकतो. डबा गरम करायला ज्योत तर अजिबात नाही, कोमट पाणी पुरतं. बाही दुमडलेली ठेवा, रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

दुपारी कर्वे रस्त्याच्या गर्दीत डॅशबोर्डवरच्या एसीच्या मधल्या जाळीत थर्मामीटर धरला: ९ अंश. चार दिवसांनी जोडावरून पांढरं फडकं फिरवलं, कोरडं निघालं.