टॉवेल मिळाला, चार्जर मिळाला नाही

राजीनामा दिला तेव्हा वाटलं नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड हाच काय तो त्रास. तो सरला कसातरी. खरा घाम फोडला तो एका चार्जरने.

२०१७ ला फ्रेशर म्हणून एका मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीत लागलो, हिंजवडीला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन सोलापूरला आलो तो इथंच राहिलो. २०२२ च्या सप्टेंबरात राजीनामा, ९ डिसेंबर शेवटचा दिवस. लॅपटॉप न्यायला कुरियरवाला येणार, पॅकिंग तुमचं तुम्ही बघा असा मेल. आईने कोरा सोलापुरी टॉवेल काढून दिला, त्यात चार्जर गुंडाळला, लॅपटॉपशेजारी ठेवून खोकं चिकटवलं.

आठ दिवसांनी पोर्टलवर काय, तर लॅपटॉप १, टॉवेल १, चार्जर नाही! म्हणजे टॉवेलची नोंद करायला वेळ आहे, पण तो उलगडून बघायला कुणी नाही बे.

आता चार्जर नाही म्हणून क्लिअरन्स (सगळं सामान परत मिळाल्याची मंजुरी) नाही, क्लिअरन्स नाही म्हणून रिलिव्हिंग लेटर (कंपनीने रीतसर मोकळं केल्याचं पत्र) नाही, आणि नवीन कंपनीची एचआर रोज सकाळी विचारतेय लेटर कुठंय. टिकेट, म्हणजे पोर्टलवर तक्रार, टाकायचं तर ओटीपी जुन्या ऑफिस मेलवर जातो आणि तो मेल शेवटच्या दिवशी सहा वाजताच बंद केलेला. मॅनेजरला फोन केला तर, माझ्याकडून अप्रूव्ह आहे रे, माझ्याकडं काही पेंडिंग नाही. शेवटी टीममधल्या एका मित्राने त्याच्या नावावर टिकेट टाकलं, तीन दिवसांनी ते आपोआप क्लोज, परत टाकलं, परत क्लोज, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी मी टॉवेलची गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

पॅक करताना फोटो काढा हे सांगायचं राहिलंच. चार्जरवरचा सिरीयल नंबर दिसेल असा. आणि पे स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर सगळं लॅपटॉप द्यायच्या आधी स्वतःच्या मेलवर घ्या, मी निम्म्याच घेतल्या होत्या.

आप्पांना यातलं काही पटायचंच नाही. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा हिशोबासाठी किती हेलपाटे घातले ते त्यांनाच माहीत, त्यांचं म्हणणं एवढी चांगली नोकरी सोडलीसच कशाला. चुकीचं नव्हते ते. पगार पाच वर्षांत एकदाही लांबला नाही, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कंपनीच्या इन्शुरन्समध्ये झालं आणि मला एक फोनसुद्धा करावा लागला नाही. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, चार महिने बसलो तरी पगार चालू होता (पोटात गोळा होता ती गोष्ट वेगळी). पण वाढ म्हणाल तर कामाचं रेटिंग ठरलेल्या कोट्यात बसवतात, त्यामुळं राबून राबून मिळायचे पाच-सहा टक्के, आणि बाहेर गेलं की त्याच कामाला लै जास्त.

पाच वर्षं पूर्ण झाली होती म्हणून ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होती. कायद्याने ती तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. मी हे तिसाव्या दिवसानंतर जुन्या कंपनीला मेलमध्ये लिहिलं, स्पष्ट, नमस्कार-चमत्कार न करता. दुसऱ्याच दिवशी गोडाऊनमधून एका माणसाचा फोन. त्याला म्हटलं, दादा, फोन चालू ठेवून टॉवेल उलगडा. खसखस आवाज आला, मग तो म्हणाला, "हाय की ह्याच्यात!" दहा मिनिटांत क्लिअरन्स. लेटर आलं तेव्हा मी गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत उभा होतो, तिथंच फोनवर उघडून दोनदा वाचलं.

पीएफला मात्र कंपनीने एग्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकलीच नाही. शेवटच्या पीएफला दोन महिने झाल्यावर ती आपल्याला यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) पोर्टलवर टाकता येते, मार्क एग्झिटमध्ये जाऊन, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे एवढंच. माझी तिथूनच झाली.

आई अजून टॉवेलचं विचारते.