ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं नाही

पुढच्या वर्षी आमची सगळी भावकी एकत्र जमणार आहे. आधी कळवणं, मग आठवण करणं आणि होकार गोळा करणं हे काम मी अंगावर घेतलंय. परदेशात बसून हे कसं जमायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मला वाटतं, इथून ते अधिक नीट होतं. जवळ राहणाऱ्यांना "भेटू तेव्हा बोलू" म्हणता येतं. आम्हाला प्रत्येक बोलणं वेळ ठरवून करावं लागतं, त्यामुळे ते राहून जात नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळतोय: ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, असं धरायचं नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, आपलं घराणं त्यात कुठेही बसेल. ग्रुपमधल्या प्रत्येकाने मेसेज वाचला की टिका निळ्या होतात. पण त्यावरून एवढंच समजतं की तो प्रत्येक फोनवर उघडला गेला. आत्याचा फोन दिवसभर नातवाच्या हातात असेल, तर ती निळी टिक आत्याची नसते.

म्हणून घरटी एक माणूस ठरवला, आणि वडीलधाऱ्यांना मी स्वतः फोन करतो. वेळ जुळवताना सगळ्यात जास्त कसरत होते. भारतात घड्याळ वर्षभर तेच. युरोपात ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत पाठ झालेला फरक चुकतो. जूनमध्ये भारतात संध्याकाळचे साडेपाच म्हणजे लंडनमध्ये दुपारचा एक, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ, सिडनीत रात्रीचे दहा. आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे पाच! सगळ्यांना सोयीची वेळ नाहीच. तेव्हा गैरसोय पाळीपाळीने वाटून घ्यायची. दर वेळी एकाच चुलतभावाने पहाटे उठणं बरं नाही. आणि मेसेजमध्ये नुसतं "रात्री आठला" न लिहिता "भारतातले रात्रीचे आठ" असं लिहायचं.

वडीलधाऱ्यांना "तुम्हाला कधी जमेल?" विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "माझं काय, तुम्ही ठरवाल तसं." हा होकार धरू नये. आत्याशी बोलताना मी विचारतो, जिना चढवतो का, रात्री उठावं लागतं का, सोबत कोण येईल, किती वेळ बसवतं. मग खरी अडचण बाहेर येते: गुडघे दुखतात, पण सांगून तुम्हाला कशाला त्रास. असा फोन पाच मिनिटांत आटोपत नाही, आटोपूही नये. बोलता बोलता आत्या म्हणते, "अरे, तुझ्या आजोबांच्या चुलतभावाची मुलगी आहे ना, तिच्या जावेचा नंबर आहे माझ्याकडे." वर्षानुवर्षं संपर्क तुटलेलं एक अख्खं घर असं सापडतं. कुठल्याही यादीत ते नव्हतं, आत्याच्या डायरीत होतं. तो नंबर लगेच ग्रुपात घालायचा नाही. आधी फोन, ओळख, मग त्यांची परवानगी.

ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे, त्यांना एकमेकांकरवी निरोप नको. दोघांनाही स्वतंत्र फोन, दोघांनाही तेच शब्द. जुना विषय निघाला तर ऐकून घ्यायचं, बाजू घ्यायची नाही.

तारखेचं म्हणाल तर परीक्षा, रजा, आजारपणं आधी विचारून घ्यावीत आणि मग ती दोघातिघांनी ठरवून टाकावी. सगळ्यांचं मत घेत बसलं तर महिने जातात. परदेशातल्यांना रजा फार आधी टाकावी लागते, आणि पासपोर्टची मुदतही पाहायला सांगावं. अनेक देशांना तो प्रवेशाच्या वेळी किमान ६ महिने शिल्लक लागतो.

जे येऊ शकत नाहीत, त्यांना यादीतून काढू नये. मी त्यांनाही बाकीच्यांइतकंच कळवतो. कोण येतंय, कोणाला मूल झालंय, कोणाचं ऑपरेशन नीट झालं, सगळं. अंथरुणाला खिळलेल्या काकांना या बातम्यांची इतरांपेक्षा जास्त ओढ आहे.

भारतातल्या मंडळींना एकच विनंती. आमचा फोन आला की "आत्या बरी आहे, सांगतो तिला" म्हणून ठेवू नका. फोन तिच्या हातात द्या आणि तिचं बोलून होईपर्यंत थांबा. आम्हाला घाई नसते.