नऊ तारखेच्या आत

लाइटबिल शोधत होतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि बाबांच्या एचएमटी घड्याळाच्या पावतीखाली गाडीचं वॉरंटीचं पुस्तक लागलं. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. मालवणात राहून एक लाख किलोमीटर व्हायला माणसाला दुसरा जन्म घ्यावा लागेल, त्यामुळे प्रश्न फक्त वर्षांचा. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, अठ्ठावीस मे. म्हणजे वॉरंटी नऊ जूनला संपणार, बारा दिवसांनी.

तेव्हापासून माझं डोकं उलटं चालायला लागलं. तीन वर्षं या गाडीला काही होऊ नये म्हणून नारळाच्या झाडाखाली कधी लावली नाही, सीटवरचं प्लास्टिक सव्वा वर्ष काढलं नाही (बायकोने शेवटी मी बाजारात गेलो असताना ओरबाडून काढलं). आणि आता वाटायला लागलं, बाई गं, तुला काही व्हायचं असेल तर नऊ तारखेच्या आत होऊ दे! रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर, कान टवकारलेले. "काय ऐकताय?" बायकोने विचारलं. "गप्प बस," म्हटलं, "आता आला होता."

आला होता खरंच. स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडे कट्, कट्. सुपारी अडकित्त्यात धरली आणि कातरली नाही, तसा. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

तशी ही गाडी आली तेव्हा तिची एक वॉरंटी देवळातही झाली होती. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू आणि समोर गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, वाटेर-घाटार काय वाकडा-तिकडा आसात ता दूर कर आनी ह्या लेकराची राखण कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे मागून "होय म्हाराजा!" त्यात कलमं नाहीत, बारीक अक्षर नाही, क्लच प्लेट वगळून असलं काही नाही. वर्षातून एक नारळ दिला की पुढे चालू. पण सर्व्हिस सेंटरात गाडीच्या तपासणीचं देतात तसं जॉब कार्ड तिथे मिळत नाही, हेही खरं.

जॉब कार्डासाठी कुडाळ. चौके, धामापूर करत गेलो. धामापूरचा तलाव १५३० सालचा. गावकऱ्यांनी बांध घातला आणि अजून पाणी धरून आहे. शेजारून जाताना उगाच गाडीचा वेग कमी झाला, आणि आवाज काही आला नाही.

सर्व्हिस सेंटरातला पोरगा नम्र होता. "आवाज कसा येतो, काका?" आता पन्नाशी उलटलेल्या माणसाने चारचौघांत तोंडाने कट् कट् करून दाखवायचं. दाखवलं. शेजारच्या खुर्चीतले एक गृहस्थ त्यांच्या गाडीचा घुर्रर्र करून दाखवत होते, त्यामुळे धीर आला.

गाडी लिफ्टवर चढली. आपल्याच गाडीच्या पोटाखाली उभं राहणं विचित्र वाटतं, बघू नये ते बघतोय असं. बोल्टांची डोकी तांबूस, सायलेन्सरच्या सांध्यावर गंजाची भुकटी, चाकाच्या वरच्या खोबणीत पुळणीतली वाळू आणि नारळाच्या सोडणाचे दोन केस. मेस्त्रीने बोट फिरवून बोटाकडे बघितलं.

"दर्यापासून किती लांब रवतास?"

"गाज ऐकाक येता."

तो पुढे काही बोलला नाही. महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतून घेतलं, ते या हवेला ओळखून असणार. मी गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं, आणि तेव्हा महाग वाटलं होतं.

वरवरचा गंज वॉरंटीत बसत नाही. वायपर, ब्रेक पॅड, रबराचे बुश हे झिजायचंच, तेही नाही. बॅटरी आणि टायर ज्याच्या त्याच्या कंपनीकडे. उंदराने वायर कुरतडली तर उंदराकडे. मग राहिलं काय? राहिला माझा कट्. मेस्त्री चालवायला बसला, मी शेजारी. तीन स्पीडब्रेकर, एक खड्डा, एक मुद्दाम शोधून काढलेला खड्डा.

"आवाज खंयसून येता?"

"डाव्या चाकाकडसून."

"आता येणा नाय."

येईना. गाडी शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं बसतात तशी शहाणी झाली होती. कार्डावर लिहिलं, तपासले, दोष आढळला नाही. खाली माझी सही. वाढीव वॉरंटी घ्यायची तर मुदत संपायच्या आत घ्या, असं पोराने दोनदा सांगितलं. बघतो म्हटलं.

परत येताना आजी आठवली. आगोटीच्या दिवसांत आमच्या घराचे नळे, म्हणजे छपराची कौलं, परतायला एक गावकर यायचे. दोन दिवस छपरावर, खाली आम्ही पोरं फुटके नळे वेचायला. आजी त्यांना अर्धेच पैसे द्यायची. उरलेले पयलो पावस पडल्यार. कागद नाही, सही नाही. पहिला पाऊस लागला की गावकर इरलं घेऊन स्वतःच हजर. माजघरात एका बाजूला ते, एका बाजूला आजी, दोघंही वर बघत. त्यांना वाटायचं, गळू नये. आजीला वाटायचं, गळायचंय तर आत्ता गळ. मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघायचो. कौलाखालचा अंधार आणि वासे एवढंच दिसायचं.

एका वर्षी थेंब नाही. आजीने कनवटीचे पैसे काढून दिले, गावकरांनी चहा घेतला, गेले. रात्री देवघराच्या कोपऱ्यात टप्. आजी उठली, टोप लावला, झोपली. मी विचारलं, त्यांना बोलवायचं नाही? "आता कित्या? पैसे दिले मां," एवढंच म्हणाली. त्या पावसाळ्यात तो टोप तिथेच होता.

काल पाऊस लागला, आठ तारखेला. वाढीव वॉरंटीचा फोन दोनदा येऊन गेला होता. गाडी खळ्यात उभी होती, तिच्याकडे जावं म्हणून उठलो आणि पाय आधी देवघराच्या कोपऱ्याकडे गेले. वर बघितलं. स्लॅब घालून सतरा वर्षं झाली.