थर्मामीटर बिघडला नव्हता

नववीतली गोष्ट. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, खाली स्पिरिटचा दिवा, आणि ढवळत ढवळत दर मिनिटाला थर्मामीटर वाचून प्रयोगवहीत आकडा लिहायचा. पहिली पाच मिनिटं शून्य. सातव्या मिनिटालाही शून्यच. दिवा तर छान जळत होता. थर्मामीटर बिघडलाय, असा मी निकाल देऊन टाकला. शेजारच्या टेबलावर विचारायची लाज वाटली, म्हणून मनानेच २, ४, ७, ११ असे आकडे भरले आणि आलेखावर झकास चढती रेघ काढली.

सरांनी आधी वही पाहिली, मग पात्र. "बर्फ अजून तरंगतोय, आणि तुझं पाणी ११ अंशांवर?"

छडी मिळाली असती तर आठवड्यात विसरलो असतो. सरांनी टीपकागदाने पुसलेला १०० ग्रॅम बर्फ एका कोरड्या पात्रात घेतला, त्यावर ८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी ओतलं आणि विचारलं, "किती होईल?" अख्खा वर्ग म्हणाला, चाळीस! ढवळण्याचं काम माझ्याकडे. पारा चाळीसच्या खाली उतरला, वीसच्या खाली, दहाच्याही. बर्फाचा शेवटचा कण विरघळला तेव्हा तो दोनवर होता. "हे दोन अंश पात्राच्या काचेचे," सर म्हणाले. "ते सोडले तर शून्य."

ग्रॅमभर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी. ग्रॅमभर बर्फाचं पाणी करायलाच सुमारे ८० कॅलरी लागतात, आणि त्या जातात कणांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात. पाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही. तेच पाणी गोठताना तेवढ्याच कॅलरी परत देतं. म्हणून नाव अप्रकट उष्मा. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने हे ओळखलं होतं. त्याचा युक्तिवाद सरांनी सांगितला तो मला फार आवडला: वितळायला जरा जास्तीची उष्णता पुरली असती, तर थंडी सरताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन महापूर आले असते.

उकळण्याचा हिशेब त्याहून भारी. शून्यापासून शंभर अंशांपर्यंत पाणी तापवायला ग्रॅममागे १०० कॅलरी, आणि त्या शंभराच्या पाण्याची शंभराचीच वाफ करायला सुमारे ५४०. जेम्स वॅटला आढळलं होतं, की थोडीशी वाफ आपल्या सहापट वजनाचं गार पाणी उकळीला आणते. उत्तरासाठी तो ब्लॅककडेच गेला.

मी पुढे बॉयलरवर नोकरीला लागलो, त्यामुळे हे ५४० रोज भेटायचे. वाफ नळीत पाणी होते तेव्हाच आपला मोठा ऐवज टाकून जाते. स्टीम ट्रॅप, म्हणजे नळीतलं पाणी बाहेर सोडून वाफ आत अडवणारी झडप, अडकून उघडा राहिला तर हा ऐवज वाफेबरोबर तसाच बाहेर उडतो. एकदा गळक्या जोडावरून मनगट गेलं. उकळतं पाणी अंगावर सांडल्याचा अनुभव आधी होता, पण वाफेचा चटका वेगळाच. ती कातडीवर आधी पाणी होते, आपले ५४० तिथेच सोडते, आणि मग उकळतं पाणी म्हणून पुन्हा भाजते. डाग अजून आहे.

ती प्रयोगवहीही आहे. खोट्या चढत्या रेघेवर सरांनी फुली मारली नव्हती. समोरच्या पानावर माझ्याकडून दुसरा आलेख काढून घेतला होता, सुरुवातीला चांगली लांब आडवी रेघ असलेला.